राजाच्या हारातला हत्ती

दिवाळीच्या सुट्टीत नातू डहाणूला आला तो बुटांचा खोका काखोटीला मारूनच. आत बूट नव्हते, पोकेमॉनचे पत्ते होते, तीनशे तरी असतील. जेवणं आटोपल्यावर त्यानं ते ओटीवर मांडले. त्यातला एक सोनेरी, झगझगीत पत्ता माझ्यापुढे धरून म्हणाला, ''आजोबा, तुम्ही बँकेत होतात ना? मग सांगा, ह्याची किंमत किती?''

सदतीस वर्षं बँकेत काढली खरी. पण नोटेवरचा आकडा हीच नोटेची किंमत, या श्रद्धेवर. मी उलट त्यालाच विचारलं, ''तुला काय वाटतं?''

''दहा हजार! मोबाइलवर एक जण तेवढे मागतोय.''

''मागतोय. पण कुणी दिले का?''

नातू गप्प. आमच्या अभ्यासाला सुरुवात झाली ती तिथून.

तारणाची किंमत ठरवताना बँकेत पहिला धडा असतो तो हाच. मालक सांगतो ती किंमत नव्हे, तर गिऱ्हाइकानं खरोखर मोजलेली. आमच्या डहाणू-घोलवडच्या चिकूचंही तेच. वाडीवाला काही का म्हणेना, ज्या भावानं माल गाडीत चढला तो भाव खरा. मग आम्ही दोघांनी फक्त झालेल्या व्यवहारांचे आकडे बघायचे ठरवले आणि एका वहीत लिहून काढले. पहिल्याच संध्याकाळी नातवाची निम्मी श्रीमंती ओसरली.

दुसऱ्या दिवशी माझं जुनं भिंग बाहेर आलं. पत्त्याच्या खालच्या कोपऱ्यात बारीकशी खूण असते, हे तोवर त्यालाही ठाऊक नव्हतं. वर्तुळ म्हणजे सर्रास मिळणारा, चौकट म्हणजे जरा कमी, चांदणी म्हणजे दुर्मीळ. शेजारी '४/१०२' असा आकडा असतो. म्हणजे एकशे दोन पत्त्यांच्या संचातला चौथा. शिवाय कोपरे झिजले आहेत का, कडा पांढऱ्या पडल्या आहेत का, हेही पाहायचं. तोच पत्ता कोरा असला तर एक भाव, खिशात चुरगळला असला तर दुसरा. आणि सगळ्यांत आधी, पत्ता खरा आहे का? खऱ्या पत्त्याच्या कडेला दोन थरांच्या मध्ये एक बारीक गडद रेघ दिसते. सोनेरी पत्त्याला ती नव्हती. दुकानात गठ्ठ्यानं स्वस्तात मिळणारे हे सोनेरी पत्ते नकली असतात. नातवाचा चेहरा उतरला.

त्याचं मन रमवावं म्हणून मी माझा डबा काढला. नाण्यांचा नाद मला निवृत्तीनंतर लागला. १९११ सालचा पंचम जॉर्जचा रुपया त्यात नाही, पण त्याची गोष्ट आहे. राजाच्या अंगावरच्या हारात एक हत्ती कोरला होता. सोंड आणि पाय इतके आखूड झाले की लोकांना तो डुक्कर वाटला. मुसलमान प्रजा खवळली, सरकारनं रुपया मागे घेतला आणि १९१२ पासून हत्ती नीट कोरला. त्या साली पाडलेल्या सुमारे चौऱ्याण्णव लाख रुपयांपैकी सातेक लाखच चलनात आले होते. त्याच्याहून कितीतरी जुनी तांब्याची नाणी आज चणेफुटाण्याच्या भावानं मिळतात. जुनं म्हणजे दुर्मीळ नव्हे. आणि दुर्मीळ असूनही कुणाला नको असेल तर महाग नव्हे.

दुसरी गोष्ट चांदीची. १९४० पूर्वीच्या रुपयात जवळजवळ ब्याण्णव टक्के चांदी असे. युद्धाच्या काळात ती निम्म्यावर आली आणि १९४७ पासून रुपया निकेलचा झाला. दिसायला सारे भाऊभाऊ. फरक सांगतं ते नाण्यावरचं साल.

हे सांगता सांगता मी थांबलो. कारण मला तलासरी आठवली.

१९८८ सालचा पावसाळा. तलासरी तेव्हा ठाणे जिल्ह्यात होती आणि मी तिथल्या एका शाखेत नवखा अधिकारी होतो. एक वारली म्हातारी चिंब भिजून काउंटरशी आली. मुलगा दवाखान्यात होता. तिनं पदरातून राजाछाप रुपयांची माळ काढली, प्रत्येक रुपयाला कडी जोडलेली. ''सायब, ह्याचं किती येल?'' आम्ही चांदीवर कर्ज देत नव्हतो. मी माळ हातातसुद्धा घेतली नाही. म्हणालो, ''आजी, सोनाराकडे जा. वजनावर जाईल.'' ती गेली.

कडी जोडलेल्या नाण्याला संग्राहक फारसा भाव देत नाहीत, हे आज मला माहीत आहे. पण सालं वाचून कुठले रुपये जास्त चांदीचे आणि कुठले निम्म्या, एवढं तरी मी तिला कागदावर लिहून देऊ शकलो असतो. सोनारानं सगळे एका मापानं मोजले असतील, तर तिचं नुकसान माझ्या अज्ञानानं झालं. तिला वाचता येत नव्हतं. मला येत होतं, आणि मी वाचलं नाही.

अज्ञानाचा बाजार आजही चालतो, फक्त त्याची दिशा उलटी झाली आहे. जुन्या नाण्याचे लाखो रुपये देतो म्हणून फोन येतो आणि आधी 'कर' नाहीतर 'कमिशन' भरायला सांगतात. रिझर्व्ह बँकेचं नावही बेधडक वापरतात. अशा व्यवहारांशी आपला संबंध नाही आणि त्यासाठी आपण कुठलंही शुल्क घेत नाही, असा इशारा बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये दिला होता. घेणारा आधी पैसे मागू लागला, की तो घेणारा नव्हे, एवढं ओळखावं.

नातू ऐकत होता. मग खोक्याच्या तळातून त्यानं एक साधासा पत्ता काढून भिंगाखाली धरला. कोपऱ्यात चांदणी होती. कडेला गडद रेघही होती. आमच्या वहीप्रमाणे त्याचे काही शे रुपये सहज होत होते.

''आजोबा, हा मला मे महिन्यात शेजारच्या वाडीतल्या राखणदाराच्या मुलानं दिला. त्यांच्याकडे आलेले पाहुणे विसरून गेले होते. मी त्याला बदल्यात तीन सोनेरी दिले.''

मी काही बोललो नाही. बोलायचा अधिकार मी तलासरीतच घालवला होता.

सकाळी चहाच्या वेळी ओटीवर तो नव्हता. भिंगही जागेवर नव्हतं. थोड्या वेळानं चिकूच्या झाडांखाली दोन डोकी एका पत्त्यावर वाकलेली दिसली. नातू त्या मुलाला कोपऱ्यातली चांदणी दाखवत होता.