यंत्रास प्रश्न कसा लिहावा

२०२२ सालच्या नोव्हेंबरांत चॅटजीपीटी लोकांपुढें आलें. तेव्हांपासून कृत्रिम बुद्धीचे असले मदतनीस आपल्या मोबाइलवर मराठींतहि उत्तरें देऊं लागले आहेत. परंतु 'उत्तर निरुपयोगी आलें' अशी तक्रार कित्येक शेतकरी बंधू करितात. आमच्या मतें दोष बहुधा प्रश्नाच्या मोघमपणांत असतो.

'सोयाबीन पिवळें पडलें, काय फवारावें?' एवढ्यावरून यंत्रानें काय समजावें? खालचीं जुनीं पानें पिवळीं झालीं तर नत्राची उणीव संभवते. शेंड्याचीं कोवळीं पानें पिवळीं पण शिरा हिरव्या, तर लोहाची. पानांवर हिरवे-पिवळे चट्टे मिसळलेले दिसले, तर पांढऱ्या माशीनें पसरणारा मोझॅक रोग. उपाय तिहींचे निराळे. भलत्या औषधांत पैसा जातो आणि हंगामाचे दिवसहि जातात.

सबब सातबाऱ्याप्रमाणें रकानेवार लिहावें: पीक व वाण, पेरणीची तारीख, जमिनीची जात, पाऊसपाणी, क्षेत्र, लक्षण कोणत्या पानांवर, आजवर घातलेलें खत व केलेली फवारणी. क्षेत्र एकरांत कीं हेक्टरांत हें अवश्य सांगावें; १ हेक्टर म्हणजे सुमारें २.५ एकर, तेव्हां घोटाळा झाल्यास मात्रा अडीचपट चुकते. शेवटीं लिहावें, 'माहिती अपुरी असल्यास आधीं मला प्रश्न विचार. अंदाजानें सांगूं नको.'

इतकें करूनहि यंत्र चुकीची गोष्ट ठामपणें सांगूं शकतें. म्हणून औषधाची मात्रा डब्यावरील लेबलाशीं ताडून पाहावी, आणि शंका उरल्यास कृषि विज्ञान केंद्रांत पान दाखवून मगच पंप खांद्यावर घ्यावा.