दारातली जुनी फियाट : भंगारात द्यायची की रस्त्यावर आणायची?

आम्ही बोरीच्या तिघी जावा. आज बोलायचं आहे जुन्या मोटारीबद्दल. "बायकांना त्यातलं काय कळतंय?" हे आम्हीही घरात ऐकलं. कळत नव्हतंच. विचारत गेलो, तसं कळत गेलं.

आमच्या दारात कडुनिंबाखाली मामंजींची १९७८ सालची पद्मिनी बारा वर्षं उभी होती. मामंजी गेले आणि तिला कुणी हात लावला नाही. एके काळी रात्री-अपरात्री अडलेली बाई परभणीला न्यायची तर हीच गाडी निघायची. आमच्यातल्या मधलीचा थोरला याच गाडीमुळे वेळेवर दवाखान्यात पोचून जन्मला. मागच्या वर्षी भंगारवाला आला. त्यानं वजनावर भाव सांगितला आणि घरातले पुरुष तयार झाले. आत्याबाई काहीच बोलल्या नाहीत, पण त्या दिवशी जेवल्याही नाहीत. तेव्हा आम्ही तिघींनी दिवाळीपर्यंतची मुदत मागून घेतली.

ही गाडी मुळात आपल्याच राज्यातली. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी प्रीमियर कंपनी काढली आणि कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीची ही गाडी बनू लागली. पुढे सत्तरच्या दशकात तिला पद्मिनी नाव मिळालं, पण लोकांच्या तोंडी फियाटच राहिलं. कारखान्यातून ती निघणं बंद झालं त्याला आता वीस वर्षांहून अधिक काळ लोटला. तरी सामान मिळतं, ते मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीमुळे. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मुदत असते, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून त्या रस्त्यावरून गेल्या. जी गाडी हजारोंनी धावली, तिचं सामान कुठं ना कुठं पडलेलं असतं. म्हणून जुनी गाडी ठेवायची की नाही हे ठरवताना, ती किती दुर्मीळ आहे यापेक्षा ती किती चालत होती, हे आधी विचारावं.

पहिली तपासणी आम्ही लोहचुंबकानं केली. रंगाखाली पत्रा असेल तर चुंबक घट्ट चिकटतो. सडलेल्या जागी लांबी भरून वर रंग मारलेला असेल तर तो निसटतो. आमच्या गाडीचे दरवाजे खालून गेले होते आणि पायाखालचा पत्रा दोन ठिकाणी हातानं दबत होता. पण इंजिन आणि चाकं जिथं बसतात तो खालचा सांगाडा शाबूत होता. तोच सडलेला असता तर आम्हीही भंगारालाच होकार दिला असता.

दुसरी गोष्ट, बरीच वर्षं उभी असलेली गाडी लगेच चावी मारून सुरू करू नये. आधी बॉनेट उघडून काठीनं ठोकून पाहावं. आमच्याकडे उंदरांनी घरटं केलं होतं. उंदीर असला की साप येतोच. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाकावं, ऑइल बदलावं. प्लग काढून त्या भोकांतून थोडं ऑइल सोडावं, एक दिवस मुरू द्यावं आणि मग इंजिन हातानं फिरवून पाहावं. जाम झालेल्या इंजिनावर जोर केला तर आतलं सामान मोडतं.

मग परभणीच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकाकांना घरी आणलं. त्यांनी आमच्या वहीत तीन याद्या करायला सांगितल्या. पहिली जिवाची : ब्रेक, स्टिअरिंग, टायर, दिवे. दुसरी चालण्याची : इंजिन, कार्बोरेटर, रेडिएटर, वायरी. तिसरी शोभेची : रंग, सीट, चकचकीत पट्ट्या. पहिली यादी पुरी झाल्याशिवाय तिसरीला एक रुपया लावायचा नाही, असं त्यांनी बजावलं.

आम्ही ते ऐकलं नाही, हे इथं कबूल करतो. इंजिन सुरू झालं त्या आनंदात रंगवाल्याला आगाऊ रक्कम दिली आणि ब्रेकचं काम पुढं ढकललं. रंग होऊन गाडी घरी आली. पुतण्या ती अंगणातच हळू मागं-पुढं करत होता. ब्रेक दाबला तर पायाखाली काहीच लागेना. गाडी कडब्याच्या गंजीत शिरली म्हणून थांबली. गंजीच्या पलीकडे आमची धाकटी पोरं खेळत होती. त्या रात्री आम्हा तिघींना झोप आली नाही.

कारण साधं होतं. पॅडल दाबलं की आतलं ब्रेक ऑइल नळ्यांतून चाकापर्यंत दाब नेतं. तो दाब रबरी वॉशर धरून ठेवतात. बारा वर्षांत रबर कडक होऊन चिरलं होतं. दाब बाहेर पळाला आणि ब्रेक लागला नाही. जुन्या गाड्यांत बहुधा चारही चाकांचे ब्रेक एकाच नळीवर असतात. एक जागा गळली की चारही जातात. म्हणून ब्रेकचं रबर नेहमी नवं घ्यावं, जुन्या बाजारातलं कधीच नको. ब्रेकमध्ये ब्रेक ऑइलच घालावं. इंजिन ऑइलनं ते रबर फुगतं. आणखी एक : जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ती धूळ फुंकू नये, कोरडी झाडू नये. ओल्या फडक्यानं पुसून फडकं टाकून द्यावं आणि पोरांना लांब ठेवावं.

आता सामान कसं शोधायचं ते सांगतो. जुना भाग सोबत घेऊनच दुकानात जावं. नुसतं नाव सांगून आणलेला कार्बोरेटरचा एक भाग आम्हाला परत करावा लागला, कारण वर्षागणिक भाग बदलत गेले होते. भागावर ओतलेला नंबर वहीत उतरवावा, काढण्याआधी मोबाईलवर फोटो घ्यावा. नवा भाग बसेपर्यंत जुना फेकू नये. नट-बोल्ट आम्ही रिकाम्या डब्यांत भरून वर चिठ्ठ्या लावल्या. आधी जिंतूर-परभणीतल्या जुन्या गॅरेजच्या माळ्यांवर विचारावं. तिथं न मिळालं तर मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि चोरबाजार आहेच. काच, दिव्याची कड, दाराची मूठ असं सामान जुनं चालतं. काही गोष्टी विकत घ्याव्याच लागत नाहीत : ब्रेक शूला नवं लायनिंग लावून मिळतं, झिजलेला भाग लेथवर करून मिळतो. सीट तर बचतगटातल्या मैत्रिणीनं शिवल्या. रेक्झिनला जाड सुई आणि लांब टाका लागतो, एवढंच.

पेट्रोलच्या नळ्याही बदलाव्या. आपल्या उसापासून होणारं इथेनॉल आता पेट्रोलमध्ये मिसळलेलं असतं. जुन्या गाडीतलं रबर ते सोसत नाही. नळी चिरून पेट्रोल गरम इंजिनावर ठिबकलं तर आग लागू शकते.

पुतण्याला गाडी सजवायची हौस. रुंद टायर, डिझेल इंजिन, मोठा भोंगा. इथं कायदा आडवा येतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपुस्तकातला तपशील बदलेल असा फेरफार मनानं करता येत नाही. रंग बदलला तरी तो नोंदवावा लागतो, म्हणून आम्ही मूळचाच रंग दिला. दुसरंही कारण आहे. जुलै २०२१ च्या केंद्राच्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूप राखलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदता येते. नव्या नोंदणीची फी वीस हजार रुपये, आणि अशी गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला चालत नाही. आमची गाडी २०२८ साली पन्नाशीला येईल. आज इंजिन बदललं तर ती वाट बंद होईल. पुतण्याला हे पटलं. भोंगा मात्र त्यानं सायकलला लावला.

कागदपत्रं विसरू नका. मालक वारल्यावर गाडी वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ भरावा लागतो. तीस दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. आम्ही बारा वर्षं कळवलं नाही, म्हणून हेलपाटे पडले. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणीही दर पाच वर्षांनी तपासणी करून वाढवून घ्यावी लागते. हे होईपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नये. दिवाळीत आमची गाडी अंगणातच फिरली.

खर्चाचं खरं सांगायचं तर विकून येतील त्याहून जास्त पैसे गेले. हा नफ्याचा धंदा नाही. संक्रांतीनंतर कागद हाती आले, तेव्हा आत्याबाईंना पुढच्या सीटवर बसवून परभणीला गेलो. झरी येईपर्यंत त्या गप्प होत्या. मग म्हणाल्या, "ब्रेक नीट केलाय ना गं?"

तेव्हा मैत्रिणींनो, भंगारवाला दारात आला तर भाव विचारण्याआधी चुंबक लावा, सांगाडा बघा, कागद काढा. आणि गाडी ठेवायचं ठरलंच, तर पहिला रुपया ब्रेकला लावा.