गाडीचा रंग : मीठ, पत्रा आणि उबदार गॅरेज

मेण, पॉलिश आणि सिरॅमिक थर यांची तुलना या आठवड्यात यायची होती. ती पुढच्या भागात. मिशिगनमधल्या ट्रॉय गावाहून एका वाचकांनी विचारलेला प्रश्न असा आहे की त्याला वळसा घालून पुढे जाता येत नाही. त्यांची गाडी हिवाळाभर हीटर लावलेल्या गॅरेजमध्ये असते. शेजाऱ्यांची त्याच मॉडेलची, तेवढीच जुनी गाडी रात्रंदिवस उघड्यावर, बर्फाखाली. तरीही मागच्या चाकावरच्या पत्र्याच्या कडेला रंगाचे फुगे आले ते गॅरेजमधल्या गाडीला. असे उलटे कसे?

यात उलटे काही नाही. पण आधी बर्फाची बाजू ऐकायला हवी.

नुसते हिम रंगाचे फारसे बिघडवत नाही. रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, गोठलेल्या पाण्याला दाद देत नाही. नुकसान करतात ते बर्फ काढणारे हात. काच खरवडायचा स्क्रेपर घाईत बॉनेटवर फिरतो, अंगणातल्या राठ झाडूने टप झाडला जातो आणि हिमात अडकलेली वाळू रंगावर घासली जाते. क्लिअर कोटची जाडी जेमतेम ४०-५० मायक्रॉन, माणसाच्या केसापेक्षाही कमी. फोमचे पाते लावलेल्या दांड्याने वरचे हिम ढकलून द्यावे आणि खालचा बोटभर थर तसाच सोडावा. तो आपला आपण वितळतो.

खरा शत्रू मीठ. रस्त्यावर मीठ टाकण्याचा प्रयोग अमेरिकेत न्यू हॅम्पशायर राज्याने १९३८ मध्ये केला आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ही पद्धत सगळ्या थंड राज्यांत रुळली. ट्रॉयच्या अगदी जवळच मिठाचे केवढे तरी भांडार आहे. मोटारींचे शहर म्हणून जग ज्याला ओळखते त्या डेट्रॉईटच्या पोटात, हजार फुटांहून अधिक खोल, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खणलेली मिठाची खाण आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी आटलेल्या समुद्राचे ते मीठ. वर कारखान्यांत पत्रा वाकवून गाड्या घडत होत्या आणि खाली त्याच पत्र्याला खाणारा पदार्थ थरांनी पडून होता. यापेक्षा विलक्षण शेजार सापडणे कठीण.

सुमारे २३ टक्के मीठ असलेले पाणी उणे २१ अंशांपर्यंत गोठत नाही. प्रत्यक्ष रस्त्यावर मात्र उणे १० च्या आसपासच मिठाचा जोर ओसरतो, म्हणून कडाक्याच्या थंडीत कॅल्शियम क्लोराइड किंवा मॅग्नेशियम क्लोराइड वापरतात. गोम इथेच आहे. साधे मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली तरच पाणी ओढून पाझरते. कोकण किनाऱ्यावर हवा वर्षातला बराच काळ तेवढी दमट असते, म्हणून तिथे खिडक्यांचे गजही लवकर गंजतात. मॅग्नेशियम क्लोराइडला ३३ टक्केच पुरतात, कॅल्शियम क्लोराइडला त्याहूनही कमी. गाडी वरून कोरडी ठणठणीत दिसते, पण पत्र्याच्या सांध्यांत बसलेला लेप ओलाच राहतो.

आता गॅरेज. बाहेर उणे १५ अंशांत चाकावरच्या पोकळीत चिकटलेला मीठमिश्रित चिखल बहुतांशी गोठलेला असतो आणि गंजण्याची क्रिया अगदी मंदावते. तीच गाडी संध्याकाळी उबेत आली की तो गोळा वितळतो, खारे पाणी दुमडलेल्या कडांमध्ये शिरते आणि रात्रभर तिथे काम करत बसते. तापमान वाढले की रासायनिक क्रिया वेग घेते. रोज रात्री असे घडले तर शेजाऱ्यांच्या गाडीला जे सोसावे लागते ते थोडक्या दिवसांचे आणि या गाडीला अख्ख्या हिवाळ्याचे.

फुगे येतात त्याआधी तिथे बहुधा एक बारीक टवका उडालेला असतो. चाकाने उडवलेला खडा रंगाचे सगळे थर भेदून पत्र्यापर्यंत जातो. उघड्या जागी लोखंड विरघळू लागते आणि भोवतीच्या रंगाखाली ऑक्सिजन व पाणी मिळून अल्क तयार होतो. हा अल्क रंगाची पत्र्यावरची पकड सोडवतो. पुढे गंज लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो आणि रंग वर उचलला जातो. म्हणजे फुगा दिसला तेव्हा आतली वाटचाल बरीच झालेली असते. वरून टचअप मारून ती थांबत नाही. फुगा फोडून, चकचकीत पत्रा लागेपर्यंत घासून, प्रायमरपासून सुरुवात करावी लागते.

आजच्या गाड्या हे बराच काळ सोसतात, याचे श्रेय दोन गोष्टींना. पहिली म्हणजे जस्ताचा मुलामा, जो स्वतः झिजून लोखंडाला वाचवतो. पोर्शेने १९७० च्या दशकाच्या मध्यात ९११ ची बॉडी अशा पत्र्याची केली. दुसरी म्हणजे अख्खी बॉडी टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने चढवलेला प्रायमर. त्याची कॅथोडिक पद्धत १९७६ पासून मोटारींसाठी वापरात आली. हा प्रायमर ब्रशला किंवा स्प्रेला न पोहोचणाऱ्या पोकळ्यांतही शिरतो.

ट्रॉयच्या वाचकांनी हीटर विकून टाकावा असे नाही. पारा शून्याच्या वर चढला की गाडी आधी खालून धुवावी, चाकांच्या पोकळ्या आणि दारांच्या खालच्या कडा सोडू नयेत, दारांच्या तळाची पाणी जायची भोके चिखलाने बुजली नाहीत ना हे बघावे आणि मगच ती उबेत घ्यावी. धुणे शक्य नसेल त्या रात्री हीटर बंद ठेवलेला बरा.