पोरगी म्हणते, गेम बनवायचाय

मागच्या महिन्यात एका बचत गटाच्या बैठकीला गेले होते. हप्ते लिहून झाले, चहा आला, तेवढ्यात एक मावशी म्हणाल्या, "बाई, तुम्ही कॉलेजात कॉम्प्युटर शिकवता ना? आमची पोरगी दहावीला आहे. म्हणते, मोबाईलवरचे गेम बनवायचेत. शहरातल्या एका क्लासने वर्षाचे दीड लाख सांगितलेत. गटातून कर्ज काढू का?"

मी म्हटलं, थांबा. आधी हे काम काय आहे ते बघू.

आपण ठिपक्यांची रांगोळी काढतो. तीच फोनवरून बहिणीला सांगायची तर? तिसऱ्या ओळीतल्या दुसऱ्या ठिपक्यापासून चौथीतल्या तिसऱ्यापर्यंत रेघ ओढ, असं एकेक सांगावं लागेल. एक ठिपका चुकला की कमळ बिघडलं. मोबाईलचा पडदाही ठिपक्यांचाच, लाखो ठिपक्यांचा. त्याला दिलेल्या अशा सूचना म्हणजे प्रोग्रॅम. गेममध्ये तर ही रांगोळी सेकंदाला तीस-साठ वेळा नव्याने काढायची. चेंडू उडाला तर दर वेळी तो किती वर, किती पुढे, हे गणिताने काढावं लागतं. म्हणून पोरीला गेम बनवायचे असतील तर अकरावीला गणित सोडू देऊ नका. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी मुली तिथेच अडकतात.

दहावीनंतर पॉलिटेक्निकला तीन वर्षांची कॉम्प्युटरची पदविका करता येते. ती झाली की इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. बारावी सायन्सनंतर सीईटी देऊन इंजिनिअरिंग, नाहीतर बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स. बी.सी.ए.चा रस्ताही आहे, त्यालाही २०२४ पासून सीईटी सुरू झाली. कॉलेजात नुसता गेम शिकवत नाहीत, प्रोग्रॅमिंगचा पाया शिकवतात. ते बरंच आहे. गेमच्या कंपन्या मोजक्या, त्याही पुणे, मुंबई, बंगळूर, हैदराबादकडे. त्याच शिक्षणावर बँकेचं, दवाखान्याचं, एसटीच्या तिकिटाचं सॉफ्टवेअर करायची नोकरीही मिळते.

आता पैशाचं बोलू. २०२४-२५ पासून राज्य सरकारने मुलींना इंजिनिअरिंगसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलंय. ओबीसी, मराठा म्हणजे एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस अशा घरांतल्या मुलींना, आणि उत्पन्न वर्षाला आठ लाखांच्या आत हवं. अनुसूचित जाती-जमातींसाठी शिष्यवृत्ती वेगळी आहे. पण एक अट नीट ऐका. प्रवेश सरकारच्या केंद्रीय फेरीतूनच झालेला हवा. "फेरीची वाट कशाला बघता, आजच सीट पक्की करा" असं म्हणत कोणी मॅनेजमेंट कोट्यातून प्रवेश दिला, की माफी गेली. खोली आणि मेसचा खर्च माफीत येत नाही. त्याच्यासाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह भत्ता योजना आहे, तिच्या अटी कॉलेजात विचारा. अर्ज महाडीबीटीवर भरायचे.

कागद आधीच काढून ठेवा. तहसीलदारांचा उत्पन्न दाखला, अधिवास, जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर किंवा ईडब्ल्यूएसचा दाखला. जात पडताळणीला महिने जातात, ते काम अकरावीतच सुरू करा. निकालाच्या आठवड्यात सेतूसमोरची रांग कशी असते, हे मी वेगळं सांगायला नको.

आणि पोरीचा कल खरा आहे का, हे बघायला दीड लाख लागत नाहीत. स्क्रॅच नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, शाळेतल्या कॉम्प्युटरवर चालतं. हात बसला की गोडो, तेही फुकट. नोकरी देणारे सर्टिफिकेट बघतात, पण तू काय बनवलंस, दाखव, असंही विचारतात.

मावशींनी कर्ज काढलं नाही. पोरीने स्क्रॅचमध्ये उंदीर पकडणारी मांजर केलीय. मांजर पळते छान, पण एक उंदीर पकडला की गुण दोन पडतात. चूक कुठे आहे ते मी सांगितलेलं नाही, ती शोधतेय.