सगळे मावले, पण इमारत वाकली!

चंडीगडच्या सेक्टर १मध्ये सचिवालयासमोर आले की हातात कॅमेरा असलेला प्रत्येक जण मागे मागे सरकू लागतो. २५४ मीटर लांबीची ती इमारत साध्या लेन्समध्ये मावतच नाही. मीही सरकले. मग मैत्रिणीकडून मागून आणलेली १४ मिमीची अल्ट्रावाइड लेन्स लावली आणि सगळी इमारत एकदम चौकटीत आली. हा आनंद हॉटेलवर पोहोचेपर्यंत टिकला. फोटो मोठे करून पाहिले, तर काहींत ल कॉर्बुझिए यांची इमारत मागे कलंडत होती, तर काहींत पुढच्या रिकाम्या जमिनीनेच अर्धी चौकट खाल्ली होती.

दोष लेन्सचा नव्हता. इमारतीचा माथा यावा म्हणून कॅमेरा वर केला की उभ्या रेषा एकमेकींकडे झुकतात आणि लेन्स जितकी रुंद तितके हे झुकणे अधिक डोळ्यांत भरते. कॅमेरा अगदी समतल धरला, तर रेषा सरळ राहतात, पण मग समोरची जमीन येतेच. तिथे काहीतरी हवे. पाण्यातले प्रतिबिंब, एखादी सावली, चालणारा माणूस.

अशा लेन्सची किंमत पुष्कळदा कॅमेऱ्याच्या बरोबरीची असते. त्यामुळे घरात ‘हे कशाला?’ असा प्रश्न येणारच. त्याचे प्रामाणिक उत्तर तुम्ही फोटो कशाचे काढणार यावर ठरते.

इमारती आणि निसर्गदृश्यांसाठी एफ/४ची १६-३५ मिमी झूम पुष्कळ झाली. सुखना तलावाकाठी पहाटे तुम्ही तिपाईवर कॅमेरा ठेवून एफ/८ किंवा एफ/११ वापरणार, मग एफ/२.८साठी जादा पैसे कशाला मोजायचे? शिवाय तिला साधे फिल्टर लागतात. फुगीर काचेच्या बहुतेक लेन्सना ते बसत नाहीत.

ताऱ्यांचे गणित मात्र उलटे आहे. तिथे एफ/२.८ हवाच, कारण एफ/४च्या दुप्पट प्रकाश आत येतो. पृथ्वी फिरते, म्हणून शटर फार वेळ उघडे ठेवले की ताऱ्यांच्या रेघा उमटतात. ५००ला लेन्सच्या मिलिमीटरने भागायचे, हा जुना हिशेब. २४ मिमीला सुमारे २० सेकंद, १४ मिमीला ३५. आजच्या बारीक सेन्सरवर त्याहून कमीच धरा. लेन्सच्या कोपऱ्यांत तारे पाखरांसारखे पसरतात का, तेही आधी तपासा. अर्थात चंडीगडच्या दिव्यांत हा खटाटोप व्यर्थ आहे. त्यासाठी मोरनीच्या डोंगरांत, अमावास्येच्या आसपास जायला हवे.

लहान सेन्सरचा कॅमेरा असेल, तर १६ मिमीची लेन्स २४ मिमीसारखी दिसते. त्यासाठी १० मिमीपासून सुरू होणारी घ्यावी. आणि शक्य असेल तर आधी दोन दिवस भाड्याने आणून पाहावी. मागून आणली तरी चालेल!

कॉर्बुझिए यांचे छायाचित्रकार ल्युसिएन एर्व्हे यांनी याच इमारतींचे फोटो काढले. ते छापलेला फोटो सरळ कात्रीने कापत आणि नको तो भाग काढून टाकत. भिंतीचा तुकडा, एक सावली, बस्स. २०१६पासून जागतिक वारसा असलेल्या या परिसरात मला ते आठवले.

दुसऱ्या दिवशी २४ मिमी लावून मी उच्च न्यायालयाच्या हिरव्या, पिवळ्या, लाल खांबांपुढे उभी राहिले. मैत्रिणीची लेन्स दिवसभर पिशवीतच राहिली.