छळात टिकली, सुखात विरली

महाराष्ट्राच्या शाळांतील तिसऱ्या भाषेचे शासन निर्णय 29 जून 2025 रोजी मागे घेतले गेले. भाषा जगते कशावर, हा प्रश्न मात्र तसाच राहिला. आपला सगळा वाद शाळा आणि सरकारी आदेश यांच्याभोवतीच फिरला. इराणी हॉटेलांमुळे आपल्या ओळखीच्या झालेल्या जरथुश्त्री इराण्यांची बोली पाहिली, तर वेगळेच उत्तर मिळते. तिचे नाव दारी; अफगाणिस्तानातली दारी निराळी. इराणातल्या यझद शहरात आणि शीरकुह डोंगराच्या पायथ्याच्या तफ्तसारख्या गावांत ती शाळेशिवाय, लिखाणाशिवाय शतकानुशतके टिकली. ती बोलणाऱ्यांच्या डोक्यावर जिझिया हा बिगरमुस्लिमांवरचा कर होता, घोड्यावर बसायलाही मनाई होती. मुंबईच्या पारशांनी 1854 मध्ये धाडलेल्या माणेकजी लिमजी हातरिया यांनी खटपट केली, तेव्हा 1882 मध्ये तो कर उठला. परक्याला न कळणारी बोली हाच अशा काळात आडोसा होता, म्हणून घराघराने ती जपली.

मुंबई-पुण्यात आल्यावर छळ संपला, पोटापाण्याची सोय झाली आणि दारी मागे पडत गेली. हॉटेलच्या गल्ल्यावरचा मालक गाववाल्याशी दारीत बोले, पोऱ्याशी हिंदी-मराठीत, पारशी शेजाऱ्याशी गुजरातीत. मुले इंग्रजी शाळेत जात. पारशांशी सोयरिकी जुळल्या आणि चुलीजवळही गुजराती आली. कोणी बंदी घातली नव्हती. मराठीचे तसे नाही. महाराष्ट्रातले पोर घरात मराठी कमी ऐकत असले, तरी एसटीत, बाजारात, तालमीत ती त्याच्या कानावर पडतेच. दारीला इथे घर आणि गाववाले यांच्यापलीकडे जागाच नव्हती.

फारसी जिवंत असताना दारीचे एवढे काय, असे कोणी म्हणेल. पण दारी ही फारसीची पोटबोली नव्हे. अभ्यासक फारसीला इराणी भाषांच्या नैर्ऋत्य शाखेत ठेवतात, दारीला वायव्य शाखेत. तेहरानच्या माणसाला ती समजत नाही. माणसेच थोडी उरली, हा आक्षेप जास्त वजनदार आहे. 2011 च्या जनगणनेत देशभरात पारशी 57,264 होते आणि दहा हजारांहून कमी भाषकांची भाषा जनगणना वेगळी दाखवतच नाही. म्हणून शाळेत दारी आणा, असे माझे म्हणणे नाही. पण दारी गावागणिक बदलते. एका म्हाताऱ्या माणसाबरोबर एका गावची बोली जाऊ शकते. ज्या इराणी घरांत ती बोलणारे कोणी अजून आहे, त्यांनी त्यांचे बोलणे मूळ गावाच्या नावासह ध्वनिमुद्रित करावे आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या भाषाशास्त्रज्ञांनी त्यासाठी त्यांच्या दारी जावे.