संत्र खाल्लं आणि लेकराचं तोंड लाल झालं : ॲलर्जी की साधी चुरचुर?

पांढुर्णा-सौंसर पट्ट्यात संत्र्याचा हंगाम आला की सहा-सात महिन्यांच्या लेकराच्या ओठाला एखादी फोड लावली जातेच. थोड्या वेळात तोंडाभोवती लाली दिसते आणि घरात दोन मतं पडतात. आजी म्हणते, "काही नाही, उष्णता आहे." आई घाबरते, "ॲलर्जी तर नाही ना?"

बहुतेक वेळा ही ॲलर्जी नसते. आंबट रस कोवळ्या कातडीला चुरचुरतो. रस लागला तेवढ्याच जागी लाली येते, तोंड पुसलं की थोड्या वेळात जाते आणि लेकरू खेळत राहतं.

खरी ॲलर्जी कशी ओळखायची?

शरीर अन्नातल्या प्रथिनाला शत्रू समजून लढू लागतं, ती ॲलर्जी. दूध, अंडं, फल्ली (शेंगदाणे), गहू, सोयाबीन, तीळ, काजू-बदाम, मासे हे नेहमीचे पदार्थ. लक्षणं बहुधा काही मिनिटांपासून दोन तासांत दिसतात: रस न लागलेल्या जागीही गांधी उठणं, ओठ-डोळे सुजणं, वारंवार उलटी. दुधाच्या ॲलर्जीत कधी त्रास उशिरा, काही तासांनी वा दिवसांनी दिसतो. शीत रक्त किंवा शेम पडते. गाईचं दूध सोसत नाही म्हणून बकरीचं देऊ नका, दोन्हींतली प्रथिनं सारखीच असतात. आईचं दूधही स्वतःच्या मनाने बंद करू नका.

धोक्याची खूण

श्वासाला घरघर, आवाज बसणं, सततचा खोकला, लेकरू पांढरंफटक किंवा मलूल पडणं, किंवा गांधींसोबत वारंवार उलट्या होणं: यातलं काहीही दिसलं तर थांबू नका. 108 ला फोन करा. हा नंबर मध्य प्रदेशात चालतो, महाराष्ट्रातही चालतो. लेकराला आडवं ठेवा, उलटी होत असेल तर कुशीवर. उलटी करवू नका, तूप-हळद पाजू नका.

आपल्याकडे एक सवय आहे: काही झालं की गाडी थेट नागपूरला. इथे ती महागात पडते. अशा वेळी खरं औषध म्हणजे मांडीत दिलं जाणारं ॲड्रिनॅलिनचं इंजेक्शन. ते जितकं लवकर मिळेल तितकं बरं, म्हणून आधी जवळचा सरकारी दवाखाना गाठा. नागपूर नंतर. ॲलर्जीचं सिरप गांधी कमी करतं, श्वास वाचवत नाही. बरं वाटलं तरी काही तास दवाखान्यात थांबा, त्रास उलटू शकतो.

मग फल्ली द्यायचीच नाही का?

उलट. 2015 साली लंडनमध्ये 640 बाळांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ॲलर्जीचा धोका जास्त असलेल्या या बाळांपैकी ज्यांना लहानपणीच नियमित शेंगदाणा दिला, त्यांच्यात पाच वर्षांच्या वयात शेंगदाण्याची ॲलर्जी सुमारे 80 टक्क्यांनी कमी आढळली. म्हणून उष्टावणानंतर बारीक कूट पेजेत पातळ कालवून, थोडं थोडं द्या. अख्खा दाणा मात्र नको, घशात अडकतो. लेकराला आधीच जबर इसब (एक्झिमा) किंवा अंड्याची ॲलर्जी असेल तर पहिल्यांदा डॉक्टरांना विचारा.

नवा पदार्थ एका वेळी एकच, तोही सकाळी द्या. त्रास झाला तर दिवसभर दवाखाने उघडे असतात. काय खाल्लं, किती वेळाने काय झालं हे लिहून ठेवा, मोबाईलवर फोटो काढा. डॉक्टरांना त्याचा मोठा उपयोग होतो.